काचेवरील कळ

'कळ' हा मराठीतील मोठा सोशिक शब्द आहे. पोटात कळ येते, भांडणाची कळ काढली जाते, जरा कळ सोसा असे वडीलधारी माणसे सांगतात, बंदुकीची कळ ओढली जाते आणि भिंतीवरची कळ दाबली की दिवा लागतो. या शेवटच्या अर्थाने हा शब्द आपल्या घरांत शिरला तो विजेबरोबर. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज 1905 साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर उजळली, तेव्हा त्या शहराची चामराजपेट ही वसाहत अवघी तेरा वर्षांची होती. पेट म्हणजे आपली पेठच. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने 1892 साली, जुन्या किल्ल्याच्या आणि गजबजलेल्या पेठेच्या पश्चिमेस, सरळ रस्ते आखून ती वसविण्यात आली. एका बोटाच्या दाबाने दूरवरचे काही घडवून आणण्याची सवय तेथील माणसांना आपल्यापैकी पुष्कळांच्या आधी लागली असली पाहिजे.

आज त्याच चामराजपेटेत एखाद्या फुलवाल्यापुढे उभे राहिले तर काय दिसते? टोपलीला टेकवून ठेवलेला ठिपक्यांचा एक चौकोन, ग्राहकाच्या हातात काचेची एक पाटी, पाटीवर उमटलेले एक रंगीत आयत आणि त्यावर टेकलेले बोट. क्षणभराने टोपलीशेजारची डबी कन्नडमध्ये रक्कम बोलून दाखविते आणि मोगऱ्याचा गजरा हातात पडतो. या व्यवहारात कोणतीही कळ खाली दबली नाही, कोणताही खटका वाजला नाही. काच जेथल्या तेथेच राहिली. तरीही आपण म्हणतो, 'बटन दाबले'. न दबणाऱ्या या बटनाविषयी आज बोलावयाचे आहे. एखाद्या अ‍ॅपमध्ये बटन जोडणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते नीट जोडले गेले नाही तर कोणाचे काय जाते, हा आपला विषय.

भिंतीवरच्या कळीत धातूचे दोन तुकडे एकमेकांना भिडतात, एवढेच तिचे शास्त्र. काचेवरच्या बटनाची हकिगत निराळी आहे. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक रेघांची आडवी-उभी जाळी पसरलेली असते आणि तिच्यावर विजेचा अल्पसा भार खेळत असतो. माणसाचे शरीर विजेचे वाहक असल्याने बोट टेकताच तेथील भारात किंचित फरक पडतो. ही जाळी सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा तपासली जाते आणि 'आडवे अंतर इतके, उभे अंतर इतके' अशी वर्दी यंत्राच्या अंतर्भागात पोहोचते. ओल्या हातांनी दूरध्वनी वेडेवाकडे वागतो त्याचे कारण हेच, कारण पाण्याचा थेंबही भारात फरक पाडतो. दिवसभर फुलांवर पाणी शिंपडणाऱ्या माणसाला हे कोणी सांगावयास नको.

वर्दी पोहोचली, पण ती अजून आंधळी आहे. त्या ठिकाणी काय रेखाटलेले होते हे पाहण्याचे काम यंत्राच्या मूळ आज्ञावलीचे. तेथे बटन असेल तर ती त्या बटनाला कळविते, आणि बटनाच्या वतीने वाट पाहत बसलेला आज्ञांचा एक छोटा संच जागा होतो. या संचाला संगणकाच्या भाषेत 'ऐकणारा' अशा अर्थाचे नाव आहे आणि ते यथार्थ आहे. दारावर टकटक झाली की उठावे, एरवी स्वस्थ बसावे, हे त्याचे काम. तेव्हा बटन जोडणे म्हणजे एक आयत रंगविणे, बोटाचा स्पर्श कोठपर्यंत आपला मानावयाचा ती हद्द ठरविणे, आणि त्या हद्दीशी एक कृती बांधून टाकणे. शिकाऊ मुलगाही हे तासाभरात करून दाखवील. पण यात एक प्रश्न विचारलाच गेलेला नाही. बोट टेकविणाऱ्याच्या मनात काय होते?

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर आपल्या देशात शोधावयाचे झाल्यास मी अ‍ॅपकडे न जाता मतदानयंत्राकडे जाईन, आणि त्यासाठी बेंगळुरू सोडण्याचीही गरज नाही. हे यंत्र बनविणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी भारत इलेक्ट्रॉनिक्स ही बेंगळुरूचीच, दुसरी हैदराबादची. यंत्राचा बाह्य घाट घडविण्यात मात्र आपल्या पवईचा वाटा आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी त्यावर काम केले. केरळातील परूर मतदारसंघात 1982 च्या मे महिन्यात पन्नास केंद्रांवर यंत्र प्रथम वापरले गेले. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा आधार नाही म्हणून ते मतदान रद्द ठरविले. पुढे संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, आणि 2004 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर हीच यंत्रे आली. त्यांच्या विश्वासार्हतेविषयी जे वाद झाले ते निराळे; येथे आपणांस पाहावयाची आहेत ती त्यांवरची बटने.

चामराजपेट हा कर्नाटक विधानसभेचा मतदारसंघही आहे. 10 मे 2023 रोजी तेथील मतदार आडोशामागे गेला तेव्हा त्याच्यापुढे काय होते ते आठवा. उमेदवाराचे नाव, छायाचित्र, चिन्ह, आणि त्याच ओळीत एक निळे बटन. ओळ सोडून बटन कोठे वर नाही, खाली नाही. एका पेटीवर सोळा ओळी. ज्या ओळींना उमेदवार नाही त्यांची बटने झाकलेली, कारण जे दाबून उपयोग नाही ते डोळ्यांपुढे ठेवून माणसाला संभ्रमात का पाडावे? बटनाशेजारी ब्रेल लिपीतील उठावदार अंक. यादीच्या शेवटी, 2013 सालच्या न्यायालयीन निर्णयानंतर आलेले, 'वरीलपैकी कोणीही नाही' असे सांगण्याचे बटन.

आता खरी गंमत. हे निळे बटन आपल्या मर्जीने कधीही काम करीत नाही. पलीकडे टेबलाशी बसलेला अधिकारी त्याच्या पेटीवरील एक बटन दाबून एक मत मोकळे करतो. तेव्हा मतदाराच्या पेटीवर हिरवा दिवा लागतो आणि अधिकाऱ्याच्या पेटीवर तांबडा. हिरवा म्हणजे 'मी तयार आहे', तांबडा म्हणजे 'आत काम चालू आहे'. मतदाराने बटन दाबले की त्याच ओळीतील तांबडा दिवा पेटतो, शेजारच्या काचेआड कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते, लांब शिटी वाजते, आणि यंत्र पुन्हा मुके होते. त्यानंतर तेच बटन दहादा दाबा, दुसरे दाबा, सगळी एकदम दाबा. काहीही नोंदले जात नाही. अक्षर न वाचता येणारी आजी आणि विद्यापीठाचा कुलगुरू यांना येथे सारखीच खात्री मिळते: माझे एक मत गेले, कोणाला गेले ते दिसले, आणि दुसरे जाऊ शकत नाही.

अधिकाऱ्याच्या पेटीवरही शहाणपण आहे. मत मोकळे करण्याचे बटन दिवसभर लागते म्हणून ते मोठे आणि उघडे. मतदान संपविण्याचे बटन टोपणाखाली, कारण ते दिवसातून एकदाच लागते आणि चुकून दाबले गेले तर पुढे मत घेता येत नाही. निकाल दाखविण्याचे आणि आधीचे सारे पुसून टाकण्याचे बटन तर दाराआड, मोहोरबंद. जितके बटन घातक तितके ते हाताला दूर, हा साधा हिशेब येथे धातू, प्लास्टिक आणि लाख यांत उतरविलेला आहे.

हा हिशेब काचेवर आणावयाचा म्हटला की अडचणी सुरू होतात. काचेवर लाख लावता येत नाही. टोपण बसवता येत नाही. बोटाला उठाव लागत नाही, दबल्याची जाणीव होत नाही. जे यंत्रात वस्तूने साधले ते येथे रंगाने, शब्दाने, जागेने आणि क्रमाने साधावे लागते. आणि हे साधणारा माणूस बहुधा तरुण असतो, त्याची दृष्टी तीक्ष्ण असते, त्याच्या हातातले यंत्र नवे आणि इंटरनेट वेगवान असते. आपल्या अ‍ॅपचा गिऱ्हाईक आपल्यासारखाच आहे असे त्याला वाटू लागते. बहुतेक वाईट बटने दुष्टाव्यातून न येता या समजुतीतून येतात, असे माझे मत आहे.

पैसे पाठविण्याच्या बटनाचेच पाहा. ग्राहकाने बोट टेकविले. वर्दी बँकेकडे निघाली. पण बाजाराच्या गर्दीत संदेशवहन मंद आहे. दोन सेकंद गेले, चार गेले. पडद्यावर काहीच हालचाल नाही. माणूस काय करील? तो पुन्हा बोट टेकवील. आता निघाल्या दोन आज्ञा. दोन्ही पोहोचल्या तर चाळीस रुपयांच्या गजऱ्याचे ऐंशी जातील. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही हवेत. पहिला मतदानयंत्राचाच: पहिल्या स्पर्शाबरोबर बटन फिके व मुके करावयाचे आणि तेथेच 'पाठवीत आहे' असे दर्शवावयाचे. हे बँकेचे उत्तर येण्याची वाट न पाहता तत्क्षणी व्हावयास पाहिजे. बोटाला प्रत्युत्तर मिळण्यास दशांश सेकंदाहून अधिक वेळ लागला की माणसाला तो विलंब जाणवू लागतो. दुसरा उपाय दृष्टीआडचा आहे. बटन पडद्यावर उमटतानाच त्या व्यवहाराला एक क्रमांक दिला जातो आणि प्रत्येक आज्ञेबरोबर तो जातो. पलीकडच्या यंत्राला एकाच क्रमांकाच्या दोन आज्ञा मिळाल्या तर ते दुसरीला पहिलीचेच उत्तर देऊन गप्प बसते. हुंडीवरच्या क्रमांकाने जे काम होत असे तेच हे.

बोट काचेवर टेकते तो क्षण आणि ते उचलले जाते तो क्षण, यांतील कोणता खरा मानावयाचा, हाही एक मौजेचा प्रश्न आहे. श्रोत्यांपैकी ज्यांच्या हाताशी असा दूरध्वनी असेल त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. एखाद्या निरुपद्रवी बटनावर बोट टेकवा, पण उचलू नका. तसेच ते सरकवीत बटनाच्या बाहेर न्या आणि मग उचला. बहुधा काहीही होणार नाही. चांगले बटन बोट उचलण्याची वाट पाहते, आणि तेही ते आपल्याच हद्दीत उचलले गेले तरच हलते. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली या पद्धतीची पारख केली तेव्हा चुका कमी होतात असे आढळले. मनुष्याला विचार बदलावयास अर्धा क्षण मिळतो, तो या युक्तीने. बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की ती चाललीच पाहिजे, असा कडक नियम असतो. येथे तो मुद्दाम सैल केलेला आहे.

आता आकाराविषयी. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवून दिले की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यावयास लागणारा वेळ त्याच्या अंतराबरोबर वाढतो आणि त्याच्या रुंदीबरोबर घटतो. लहान आणि दूर असलेले बटन म्हणूनच छळते. माणसाच्या बोटाचे टोक सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते. यास्तव आज प्रचलित असलेल्या दूरध्वनींच्या दोन प्रमुख प्रणालींपैकी एकीने बटनाची स्पर्शाची हद्द सुमारे नऊ मिलिमीटर असावी अशी शिफारस केली आहे, तर दुसरीचे प्रमाण त्याहून थोडे कमी आहे. चित्र लहान असले तरी हद्द मोठी ठेवता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अंगठा कापत असेल, डोळ्यांवर चष्मा नसेल, माणूस बसमध्ये दांड्याला धरून उभा असेल, तर या दोनतीन मिलिमीटरांवर सगळा फरक पडतो. आणि 'पाठवा' व 'पुसा' ही दोन बटने एकमेकांना चिकटून ठेवणे म्हणजे मिठाचा आणि सोड्याचा डबा शेजारी ठेवून वर चिठ्ठी न लावणे होय. पूर्वी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने तबकडीऐवजी बटनांचा टेलिफोन काढावयाचे ठरविले तेव्हा अंकांच्या कितीतरी मांडण्या माणसांकडून दाबवून घेतल्या आणि 1960 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक-दोन-तीन वरच्या ओळीत असलेला टेलिफोन 1963 साली ग्राहकांच्या हाती आला. हिशेबाच्या यंत्रावर सात-आठ-नऊ वर असतात आणि टेलिफोनवर खाली, हे आपण रोज वापरूनही किती जणांनी पाहिले असेल!

परंतु बटनाचा प्राण त्याच्या शब्दात आहे, आणि चामराजपेट हे या शब्दाचा विचार करावयास फार योग्य ठिकाण आहे. 1915 साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद याच भागात, पंप महाकवींच्या नावाच्या रस्त्यावर आहे. कन्नडला संगणकावर बसविण्यासाठी खपलेली कन्नड गणक परिषद हीही चामराजपेटचीच. तिने तयार केलेल्या 'नुडि' नावाच्या आज्ञावलीने कर्नाटकातील सरकारी कचेऱ्यांत कन्नड लेखन रुळविले; नुडि म्हणजे बोल. तिच्या कळफलकाची मांडणी के. पी. राव यांनी आखलेली आहे. अक्षरे आली की बटनावरचे शब्द आपल्या भाषेत आणणे सोपे झाले, असे वाटेल. प्रत्यक्षात तेथूनच खरी कसोटी लागते.

उदाहरण घ्या. बेंगळुरूत स्थायिक झालेला मराठी माणूस कन्नड थोडेफार वाचू लागला आहे. पैसे देण्याच्या पडद्यावर त्याला दिसते 'पावतिसि'. मराठी कानाला वाटते, ही पावती मागण्याची सोय दिसते. पैसे देऊन झाले, आता कागद मिळणार. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'रक्कम भरा'. एकाच मुळाचा शब्द दोन शेजारी भाषांत देवघेवीच्या दोन टोकांना जाऊन बसला आहे. उलट 'रद्दु' हा शब्द दोघांनाही एकसारखा कळतो. चारशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या जहागिरीपासून ज्या शहरात या दोन भाषा शेजारी नांदल्या, तेथे अशा गोष्टी घडणारच; पण त्यांची जाण बटनावर शब्द लिहिणाऱ्याला असली पाहिजे.

मराठीतही आपण स्वतःला चकवितो. तिकीट रद्द करण्यासाठी एखाद्याने अ‍ॅप उघडले. पडदा विचारतो, 'आपणांस तिकीट रद्द करावयाचे आहे काय?' खाली दोन बटने: 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. आता सांगा, तिकीट रद्द करणाऱ्याने कोणते दाबावे? लिहिणाऱ्याच्या मनात 'रद्द करा' म्हणजे 'हा प्रश्न रद्द करा', म्हणजेच तिकीट राहू द्या. वाचणाऱ्याच्या मनात नेमके उलट. इंग्रजी पडद्यावरही हा घोटाळा आहेच. तो आपण डोळे मिटून भाषांतरित केला. 'तिकीट रद्द करा' आणि 'तिकीट राहू द्या' असे दोन स्पष्ट शब्दसमूह लिहिले असते तर वरचा प्रश्न न वाचणाराही चुकला नसता. आणि वरचा प्रश्न कोणी वाचीत नाही, हे गृहीतच धरावे.

यावर आक्षेप येतो की बटनात एवढी जागा नसते. हा आक्षेप खोटा नाही. आयत प्रथम इंग्रजीतील तीन अक्षरांच्या मापाने आखलेले असते आणि मग त्यात मराठी कोंबली जाते. आपल्या लिपीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतात. रोमन लिपीच्या मापाची ओळ तिला आखूड पडते. मग बटनाच्या खालच्या कडेने उकार कापले जातात आणि 'पुसा'चे 'पसा' होते. हसू येते खरे, पण ज्याने मजकूर पुसावयाचा नव्हता त्याने त्या अर्धवट शब्दावर बोट ठेवले तर हसण्याचे कारण उरत नाही. उपाय अवघड नाही. बटनाने शब्दाप्रमाणे वाढावे, शब्दाने बटनाप्रमाणे आकसू नये, आणि आखणी करतानाच मराठी, कन्नड, तमिळ यांतील लांबात लांब शब्द घालून पाहावेत. शिंपी अंगरखा बेततो तेव्हा माप माणसाचे घेतो.

ज्याला शब्द दिसतच नाही त्याचे काय? आजचा दूरध्वनी अंध माणसाला पडदा वाचून दाखवू शकतो. बोट फिरत जाईल तसे यंत्र बोलते: 'पैसे पाठवा, बटन'. हे त्याला कसे कळते? बटन जोडणाऱ्याने ते खरोखर बटन म्हणून जोडलेले असेल तरच. पुष्कळ ठिकाणी कारागीर बटनाचे नुसते चित्र काढतो आणि त्या चित्राला 'ऐकणारा' बांधून देतो. डोळस माणसाला काडीचा फरक दिसत नाही. अंध माणसाच्या कानी मात्र एक तर शांतता येते, नाहीतर 'नाव नसलेले चित्र' असे काही बोल. खऱ्या बटनाच्या पोटी तीन गोष्टी नोंदलेल्या असतात: त्याचे नाव, ते बटन आहे ही ओळख, आणि ते या क्षणी जिवंत आहे की मुके. या नोंदीसाठी आज्ञावलीच्या दोनचार ओळीदेखील लागत नाहीत. मतदानयंत्रावर ब्रेल अंक बसविण्यास साचा बदलावा लागला. येथे फक्त आठवण ठेवावी लागते. तसेच 'पुढे' हिरवे आणि 'मागे' तांबडे एवढ्यावर भागवू नये. ज्यांना या दोन रंगांतील भेद दिसत नाही असे पुरुष बाराजणांत एक, निदान युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत, आढळले आहेत. आपल्याकडे प्रमाण काहीसे कमी असले तरी ते नगण्य नाही.

आतापर्यंत बोललो ते अजाणता होणाऱ्या चुकांविषयी. जाणूनबुजून रचलेली बटनेही असतात. 'होय, मला हवे' हे मोठे, ठसठशीत; आणि 'नको' हे राखाडी, बारीक, कोपऱ्यात. वर्गणी भरण्यास एक बटन, बंद करण्यास सात पडदे. नको म्हणावयाचे तर 'मला पैशांची बचत नको आहे' असे स्वतःलाच मूर्ख ठरविणारे वाक्य दाबावे लागते. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. त्यांत खोटी घाई करविणे आहे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकविणे आहे, आणि नकाराची लाज वाटावयास लावणेही आहे. आयताच्या रंगाचा आणि कोपऱ्याचा विचार राजपत्रापर्यंत पोहोचला.

एक बटन तर काढूनच टाकावे लागले. मोबाइलवरून बँकेचे पैसे पाठविण्याची यूपीआय ही व्यवस्था 2016 साली सुरू झाली तेव्हा तीत दोन दिशा ठेवल्या होत्या. पैसे पाठविता येत, आणि दुसऱ्याकडे पैशांची मागणीही धाडता येत असे. मागणी आली की समोरच्याच्या पडद्यावर बटन उमटे, त्याने ते दाबून आपला गुप्त अंक दिला की रक्कम जाई. उसने दिलेले मागावयास सोय म्हणून हे केले होते. लबाडांनी त्याचा निराळाच उपयोग केला. जुने कपाट विकावयास काढलेल्या माणसाला ते दूरध्वनी करीत, किंमत कबूल करीत आणि म्हणत, 'पैसे पाठविले आहेत. पडद्यावर बटन आले असेल, ते दाबा आणि अंक घाला, की रक्कम जमा होईल.' बटन खरेच आलेले असे. त्यावर 'पैसे द्या' असेच लिहिलेले असे, पण इंग्रजीत, घाईत, कानाशी गोड आवाज चालू असताना. माणूस ते दाबी आणि त्याच्याच खात्यातून रक्कम निघून जाई. आज्ञावलीत चूक नव्हती; बटनाने आपले काम चोख केले होते. बोट टेकविणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न मात्र येथेही अनुत्तरित राहिला होता. सूचना दिल्या, ठळक अक्षरे केली, मागता येणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली. अखेरीस 2025 च्या ऑक्टोबरपासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी धाडण्याची सोयच बंद करण्यात आली. दुकानदार व संस्था यांच्याकडून येणाऱ्या मागण्या या निर्णयातून वगळल्या होत्या. आणि दिशा कोणतीही असो, पैसे घेण्यासाठी गुप्त अंक द्यावा लागत नाही.